सिटी बस आणि बीआरटीएस: बस तीच, मग गेलं काय?

फेब्रुवारी २०२५ मध्ये हायकोर्टाने इंदूरचा बीआरटीएस कॉरिडॉर, म्हणजे रस्त्याच्या मधोमध रेलिंग लावून फक्त बससाठी राखलेली वाट, काढून टाकायला मंजुरी दिली आणि शहरातल्या मुख्य एबी रोडवरचं ते रेलिंग निघायला लागलं. त्याच सुमारास एका रविवारी पोहे खाताना आमचे काका म्हणाले, "एवढं काय त्यात? बस थोडीच बंद झाली आहे! कॉरिडॉरवरची ती आयबस धावतेच आहे की. गेल्या त्या लोखंडी जाळ्या." घरात बहुतेकांनी माना डोलावल्या. मला मात्र ते पटलं नाही, आणि का पटलं नाही ते नीट सांगावं म्हणून हे लिहायला घेतलं.

घोटाळा शब्दापासूनच सुरू होतो. आपण इंदूरकर 'बीआरटीएस' म्हणतो ते कधी रस्त्याला ("बीआरटीएसवर जाम आहे"), कधी बसला ("बीआरटीएसने ये"). खरं तर बीआरटीएस हे ना रस्त्याचं नाव, ना बसचं. बस रॅपिड ट्रान्झिट सिस्टिम यातला शेवटचा शब्द आपण विसरतो. बसला वेळेवर पोचता यावं म्हणून तिच्याभोवती उभी केलेली सगळी व्यवस्था, म्हणजे बीआरटीएस.

सिटी बस आपल्या ओळखीची आहे. ती सगळ्यांच्याच रस्त्याने जाते. कडेला थांबते, तेही तिथे कुणी कार किंवा ठेला लावलेला नसेल तर. पायऱ्या चढून आत जायचं आणि तिकीट आतच काढायचं. तिचं मोठेपण असं की ती आत, वस्तीपर्यंत पोचते. सुदामानगर, अन्नपूर्णा, राजेंद्रनगर अशा आपल्या जुन्या मराठी घरांच्या भागात सहा पदरी कॉरिडॉर कुणी आणू शकणार नाही, पण बस येऊ शकते. इंदूरमध्ये २००५-०६ मध्ये सिटी बससाठी वेगळी कंपनी स्थापन झाली, तेव्हापासून या शहराला बसची पुन्हा सवय लागली.

बीआरटीएसची कल्पना ब्राझीलमधल्या कुरितिबा शहराची. १९७४ मध्ये तिथे महापौर जैमे लर्नर यांच्या काळात ती रस्त्यावर आली. विचार साधा होता: मेट्रो बांधायला पैसे नाहीत, तर मेट्रोकडे जे असतं ते बसला द्यावं. मेट्रोकडे असतं काय? स्वतःची वाट, आत शिरण्याआधीच काढलेलं तिकीट आणि दाराच्या उंचीचा फलाट. रेल्वेच्या रुळांपेक्षा या तीन गोष्टींनीच वेळ वाचतो. आपल्याकडे पुण्याने २००६ मध्ये याचा पहिला प्रयोग केला, अहमदाबादचा जनमार्ग २००९ मध्ये आला आणि मे २०१३ मध्ये इंदूरचा, निरंजनपूर ते राजीव गांधी चौराहा, सुमारे साडेअकरा किलोमीटर.

काका जिला लोखंडी जाळी म्हणतात, तिचं काम नेमकं काय होतं, ते एका हिशोबाने सांगते. समजा एका मार्गावर दर दहा मिनिटांनी बस सुटते. तुम्ही घड्याळ न बघता थांब्यावर गेलात तर सरासरी पाच मिनिटं थांबावं लागेल. आता एक बस पलासियाला जाममध्ये अडकली. ती उशिरा पुढच्या थांब्यावर आली, तोवर तिथे दुप्पट माणसं जमली. दुप्पट माणसं चढायला दुप्पट वेळ लागला, म्हणून ती आणखी मागे पडली. तिच्या मागची बस मात्र रिकामी, तिला थांब्यांवर कुणी भेटतच नाही, म्हणून ती भराभर येऊन हिला गाठते. शेवटी काय, वीस मिनिटं काही नाही आणि मग दोन बस जोडीने. पहिलीत पाय ठेवायला जागा नाही, दुसरी मोकळी. हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे आणि ड्रायव्हरला बोल लावले आहेत. पण ड्रायव्हरने काही केलेलं नसतं. बस तेवढ्याच आहेत, डिझेल तेवढंच जळतं आहे, आणि तुमचं सरासरी थांबणं पाचाचं दहा मिनिटं झालं. जाळी हे टाळत होती. बस पळवणं हे तिचं दुय्यम काम. दोन बसमधलं अंतर राखणं हे पहिलं.

तिकीट बाहेर काढणं आणि सपाट फलाट हेही त्याच कामाचे. दारात सुट्ट्या पैशांवरून घासाघीस नाही, गुडघे धरून चढणाऱ्या आजींसाठी खोळंबा नाही. व्हीलचेअर सरळ आत. प्रत्येक थांब्यावर वीस सेकंद वाचली, तर वीस थांब्यांत सहा-सात मिनिटं वाचतात.

आणखी एक हिशोब, जो पालिकेच्या पैशांचा आहे. कॉरिडॉरची जाऊन-येऊन फेरी २३ किलोमीटरची. बस ताशी २३ किलोमीटर वेगाने गेली तर फेरी एका तासात, म्हणजे दर दहा मिनिटांना बस द्यायला सहा बस पुरतात. तीच बस जाममध्ये ताशी पंधराच्या आसपास आली तर फेरी दीड तासाची, आणि तेवढ्याच सेवेला नऊ बस लागतात. तीन बस, त्यांचे ड्रायव्हर, त्यांचं इंधन, हे सगळं फक्त जाममध्ये उभं राहण्यासाठी. "बस वाढवू" असं जेव्हा कुणी म्हणतं तेव्हा मला हाच आकडा आठवतो.

लोकांचा खरा राग होता तो रिकाम्या लेनवर. आपण भर उन्हात कारमध्ये किंवा स्कूटरवर अडकलेलो आणि शेजारी अख्खी लेन मोकळी पडलेली. तो राग मला समजतो. पण मोकळी दिसणं हाच त्या लेनच्या चालण्याचा पुरावा आहे. दर दोन मिनिटांनी एक बस आली तरी ती नजरेसमोर काही सेकंदच असते, बाकी वेळ लेन मोकळीच दिसणार. त्या वेगाने तासाला तीस बस होतात, प्रत्येकीत पन्नास माणसं धरली तर दीड हजार. शेजारच्या लेनमध्ये सिग्नल निम्मा वेळ हिरवा असेल, तर तासाला साधारण नऊशे कार निघतात, आणि एका कारमध्ये दीड माणूस धरला तर साडेतेराशे. म्हणजे खचाखच भरलेली लेन कमी माणसं नेते आणि रिकामी दिसणारी जास्त. शिवाय पहिली आपल्या मर्यादेला पोचलेली आहे, दुसरीत बस वाढवायला अजून जागा आहे. मात्र हेही खरं की बस दर दहा मिनिटांनी येत असेल आणि अर्धी रिकामी असेल, तर हा हिशोब उलटतो. लेन बांधून बस न देणं म्हणजे कालवा खणून पाणी न सोडणं.

इंदूरच्या व्यवस्थेत उणिवा होत्या, त्या झाकायचं कारण नाही. स्टेशन रस्त्याच्या मध्यात, आणि तिथवर पोचायला माणसाला वाहनांच्या लोंढ्यातून जावं लागे. फुटपाथ जागोजागी तुटलेला. मुख्य म्हणजे वस्तीतून कॉरिडॉरवर आणणाऱ्या बस पुरेशा नव्हत्या, मग मॅजिक (छोटी प्रवासी गाडी) किंवा ई-रिक्षा करा, तिला वेगळे पैसे द्या. इथेच दोन्ही गोष्टी एकमेकींवर अवलंबून आहेत. बीआरटीएस हा कालवा, सिटी बस हे शेतात जाणारे पाट. पाटाशिवाय कालव्याचा उपयोग काठावरच्यांनाच. आणि कालवा बुजवून पाटांनाच सगळं पाणी वाहायला सांगितलं, तर ते वाहणार नाही. भोपाळने आपला कॉरिडॉर २०२४ मध्ये काढायला घेतला, दिल्लीने त्याआधी २०१६ मध्ये. दोन्हीकडे चर्चा कारला किती जागा मिळेल याचीच जास्त झाली.

मेट्रो आहे ना, असं कुणी म्हणेल. ३१ मे २०२५ ला तिचा पहिला टप्पा सुरू झाला, सुपर कॉरिडॉरच्या बाजूला, सुमारे सहा किलोमीटर आणि पाच स्टेशनं. मला मेट्रो हवी आहे. पण पहिल्या टप्प्यातली ही सहा किलोमीटरची मेट्रो जुन्या कॉरिडॉरवरच्या भंवरकुआंच्या विद्यार्थ्याला आणि एलआयजीच्या नोकरदाराला काय देणार?

तेव्हा काका, बस राहिली हे खरं, पण ती आता सिटी बस झाली. पाटी आयबसची असेल, एसी चालू असेल, तरी ती आता कारच्या मागे उभी राहते. रेलिंगशिवायही त्या व्यवस्थेचे काही तुकडे वाचवता येतील. चौराह्याच्या अलीकडे दोनशे मीटर तरी फक्त बससाठी रंगवलेली पट्टी आणि तिथे उभं राहणाऱ्या कारला दंड. सिग्नलवर बसला आधी हिरवा. तिकीट चढण्याआधी फोनवर किंवा थांब्यावर. थांब्याचा ओटा बसच्या दाराइतका उंच. यात फ्लायओव्हरसारखा खर्च नाही, फक्त रोज पहारा लागतो.

आमची मावशी विजयनगरला राहते आणि नवलख्याला लेकीकडे जाते. नातू साडेबाराला शाळेतून येतो, दार उघडायला कुणीतरी हवं. कॉरिडॉर होता तेव्हा ती पावणेबाराला निघायची, कधी चुकलं नाही. आता बहुतेक दिवशी बस तिला तेवढ्याच वेळात पोचवते. पण आठवड्यातून एखाद्या दिवशी पोचवत नाही, आणि तो दिवस कोणता ते आधी कळत नाही. म्हणून ती रोज सव्वाअकराला निघते.