काळी फीत (कामाच्या ठिकाणचे निषेधचिन्ह)

नोकरीवर असताना, काम न थांबवता नाराजी दाखवण्यासाठी कपड्यावर लावलेली काळ्या रिबिनीची पट्टी म्हणजे काळी फीत. ती डाव्या खिशावर टाचणीने लावतात किंवा दंडाला बांधतात. गणवेशाच्या नोकरीत तिचा प्रश्न अधिक नाजूक होतो. गणवेश संस्थेने दिलेला, तो घालणारे अंग मात्र कामगाराचे. मग त्या कपड्यावर काय लावायचे हे कोणी ठरवायचे? सोलापूरसारख्या गिरण्या, यंत्रमाग, रेल्वे आणि सरकारी कचेऱ्यांच्या शहरात हा वाद वेगवेगळ्या रूपांत भेटतो.

फितीला आंदोलनाच्या पायऱ्यांत ठरलेली जागा आहे. आधी निवेदन, मग काळ्या फिती, मग जेवणाच्या सुट्टीतली द्वारसभा आणि निदर्शने. त्यानेही भागले नाही तर लेखणीबंद, एक दिवसाचा लाक्षणिक संप आणि शेवटी बेमुदत संप. सोलापुरात निदर्शनांपासूनच्या पुढच्या पायऱ्या बहुधा जिल्हाधिकारी कार्यालयाच्या पूनम गेटसमोर पोहोचतात. फीत मात्र टेबलावर, वॉर्डात, खिडकीतच राहते. काम चालू असल्याने ‘काम नाही, वेतन नाही’ हा नियम लागत नाही, दाखला घ्यायला आलेल्या माणसाचा खोळंबा होत नाही, आणि तरीही त्याला कळते की इथे काहीतरी बिनसले आहे. ज्यांच्या कामावर रुग्ण किंवा प्रवासी अवलंबून आहेत अशा परिचारिका, वाहक, सफाई कामगार यांच्यासाठी हा मार्ग सर्वांत मोलाचा ठरतो, कारण त्यांनी काम सोडले की पहिला फटका साहेबाला नव्हे, समोरच्या गरजूला बसतो.

गणवेशावरची चिन्हे दोन जातींची असतात आणि त्यांची गल्लत केली की वाद चिघळतो. एक बिल्ला ओळखीचा: रेल्वे हमालाच्या दंडावरचा पितळी बिल्ला, एसटी वाहकाचा बिल्ला, रिक्षाचालकाचा परवान्याबरोबरचा बॅच-बिल्ला, रुग्णालयातली नावाची पट्टी. तो लावणे सक्तीचे असते, कारण तक्रार कोणाविरुद्ध करायची आणि विश्वास कोणावर ठेवायचा हे प्रवाशाला किंवा रुग्णाला त्यावरून कळते. दुसरे चिन्ह म्हणण्याचे: काळी फीत, संघटनेचा बिल्ला, मागणी छापलेली टोपी. मार्च २०२३ मध्ये राज्यभरच्या कर्मचाऱ्यांनी जुन्या पेन्शनसाठी संप केला, तेव्हा ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ लिहिलेल्या टोप्या सर्वत्र दिसल्या. पहिल्या जातीचे चिन्ह माणूस कोण आहे ते सांगते, दुसरे त्याला काय वाटते ते. दुसऱ्याने पहिले झाकले जाऊ नये, एवढी अपेक्षा प्रशासनाने ठेवणे रास्त आहे. त्यापुढे जाऊन दुसरे चिन्हच नको म्हणायचे असेल, तर कारण द्यावे लागते.

याबाबतचा मुख्य आधार सर्वोच्च न्यायालयाचा १९६२ चा कामेश्वर प्रसाद विरुद्ध बिहार राज्य हा निकाल आहे. बिहारच्या १९५६ च्या वर्तणूक नियमांतील ४-अ या नियमाने सरकारी नोकरांना सेवाशर्तींसंबंधी कोणतेही निदर्शन करण्यास आणि संप करण्यास मनाई केली होती. निदर्शन म्हणजे भावना दृश्य रूपात मांडणे, आणि ते नेहमी गोंगाटीच असते असे नाही, असे न्यायालयाने म्हटले. शांत निदर्शनाचे उदाहरण म्हणून त्याने गाऱ्हाण्याकडे लक्ष वेधणारा बिल्ला लावण्याचाच उल्लेख केला. सरसकट निदर्शनबंदी रद्द झाली. संपाचा मूलभूत हक्क मात्र न्यायालयाने मान्य केला नाही, त्यामुळे नियमाचा तेवढा भाग टिकला. फीत आणि संप यांच्यामध्ये कायद्याने आखलेली ही रेघ सहा दशकांहून जुनी आहे. तरी फीत लावली म्हणून ‘कारणे दाखवा’ नोटीस काढणारे वरिष्ठ आजही भेटतात, आणि ती मुकाट्याने घेणारे कर्मचारीही. दोघांनीही हा निकाल वाचायला हवा.

हक्काला मर्यादा आहेतच. १९६९ च्या रेल्वे बोर्ड विरुद्ध निरंजन सिंग या निकालानुसार भाषणाचे आणि सभेचे स्वातंत्र्य असले, तरी ते मालकाच्या जागेत वापरण्याचा हक्क त्यातून मिळत नाही. सोलापूर हे मध्य रेल्वेचे विभागीय ठाणे असल्याने इथल्या रेल्वे कर्मचाऱ्यांना तो थेट लागू पडतो. पोलिसांचे संघटनेचे व अभिव्यक्तीचे हक्क १९६६ च्या स्वतंत्र कायद्याने आवळलेले आहेत. निवडणूक चिन्हाबाबत तर सूटच नाही: केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ प्रमाणे अंगावर, वाहनावर किंवा घरावर पक्षाचे निवडणूक चिन्ह लावणे म्हणजे निवडणुकीत वजन वापरणे समजले जाते. राज्याचे १९७९ चे नियमही त्याच धाटणीचे आहेत. मागणी वेगळी आणि पक्ष वेगळा, हे भान संघटनांनीही ठेवले तरच फितीचे वजन टिकते.

खासगी कारखान्यात प्रश्न संघटनेच्या बिल्ल्याचा असतो. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कामगार संघटना मान्यता व अनुचित कामगार प्रथा प्रतिबंध कायद्याने संघटित होण्याच्या हक्कात ढवळाढवळ करणे ही मालकाची अनुचित प्रथा ठरवली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे १९४५ मध्ये रिपब्लिक एव्हिएशन खटल्यात नेमका बिल्लाच आला होता. तो काढण्यास नकार देणाऱ्या कामगारांना कामावरून काढणे बेकायदा ठरले.

सुरक्षेचे कारण मात्र खरे असते. फिरत्या यंत्राच्या भागांजवळ काम करणाऱ्याने अंगाबरोबरचे घट्ट कपडे घालावेत आणि ते कारखानदाराने पुरवावेत, असे नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम, १९४८ चे कलम २२ सांगत होते. धडधडणाऱ्या मागाजवळ लोंबणारी रिबीन धोक्याची, मग तिचा रंग कोणताही असो. तिथे शिवून टाकलेली पट्टी किंवा कपड्याला चिकटणारा कागदी बिल्ला चालू शकतो. धार्मिक चिन्हांनाही हीच कसोटी लावावी. कपाळावरची विभूती किंवा सदऱ्याखालचे इष्टलिंग यंत्राच्या आड येत नाही. गळ्यातली लांब माळ येऊ शकते. युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने २०१३ मध्ये एकाच निकालपत्रात विमान कंपनीच्या कर्मचारी स्त्रीला गळ्यात क्रॉस घालण्याबाबत न्याय दिला, आणि रुग्णालयातील परिचारिकेची तशीच मागणी रुग्णांच्या सुरक्षेपोटी फेटाळली.

सोलापूरच्या इतिहासात चिन्हाला जबर मोल पडले आहे. ६ एप्रिल १९३० रोजी इथल्या नगरपालिकेने आपल्या इमारतीवर राष्ट्रध्वज फडकावला. मे महिन्यात शहरावर मार्शल लॉ आला, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना येरवड्यात फाशी झाली. त्या काळातली जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी या गिरण्या आता बंद आहेत. त्यांच्या जागी शहराला नवी ओळख मिळाली ती तयार कपड्यांची, विशेषतः गणवेशांची. २०१७ मध्ये इथल्या उत्पादकांनी गणवेशांचे प्रदर्शनही भरवले. शाळा, कंपन्या, रुग्णालये यांचे सदरे इथे शिवले जातात, खिशावर त्या त्या संस्थेचे बोधचिन्ह भरले जाते.

ते शिवणारे बहुतेक हात मात्र घरच्या कपड्यांतच काम करतात. पूर्व भागातला यंत्रमाग कामगार उकाड्यामुळे बनियनवर असतो, विडी वळणारी बाई घरच्या लुगड्यात सूप घेऊन बसते. त्यांना ना धुलाई भत्ता, ना बिल्ला. गणवेशासह शिस्तीच्या अटी लेखी करणारे स्थायी आदेश १९४६ च्या कायद्याखाली महाराष्ट्रात ५० कामगारांच्या आस्थापनेपासून लागू होत. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने ती संख्या ३०० केली, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती अमलात आली. सोलापुरातले बहुसंख्य माग आणि शिलाईचे कारखाने याहून कितीतरी लहान आहेत. तिथे फीत लावायची की नाही याचा नियम कुठेही लिहिलेला नसतो. मालक सकाळी दारात उभा राहून जे तोंडी सांगेल, तोच नियम.