मॅकडोना क्रमांक १९ प्राथमिक शाळा, न्यू ऑर्लीन्स

अमेरिकेच्या लुईझियाना राज्यातील न्यू ऑर्लीन्स शहरात, लोअर नाइन्थ वॉर्ड या वस्तीत सेंट क्लॉड अव्हेन्यूवर असलेली जुनी प्राथमिक शाळा. इमारत १९२९ सालची. शहरात मॅकडोना नावाच्या तीसहून अधिक शाळा निघाल्या आणि नाव एकच म्हणून त्यांना क्रमांक द्यावे लागले. त्यातली ही एकोणिसावी.

ज्याच्या नावाने ही शाळा चालली तो जॉन मॅकडोना (१७७९–१८५०) मूळचा बाल्टिमोरचा व्यापारी. न्यू ऑर्लीन्सला येऊन त्याने जमिनीत अमाप पैसा केला. त्याच्याकडे गुलाम होते आणि त्यांना ‘मुक्त’ करण्याची त्याची रीत मोठी हिशेबी होती. शनिवारी अर्धा दिवस केलेल्या कामाची मजुरी गुलामाच्या नावे जमा व्हायची. त्यातून त्याने आधी आपला शनिवार मालकाकडून विकत घ्यायचा, मग त्या मोकळ्या दिवसाच्या कमाईतून शुक्रवार, मग गुरुवार. असा आठवडा सोडवता सोडवता सुमारे पंधरा वर्षे जात. त्यानंतरही अट होतीच : आफ्रिकेत लायबेरियाला निघून जायचे. १८४२ मध्ये जवळपास ८० जणांचा तांडा असा रवाना झाला. पुढे याच माणसाला दानशूर म्हणून गौरवले गेले, त्यात ही बाजू सहसा झाकलेली राहिली.

मृत्युपत्रात मात्र त्याने आपली संपत्ती न्यू ऑर्लीन्स आणि बाल्टिमोर या शहरांना गरीब मुलामुलींच्या मोफत शिक्षणासाठी दिली, तीही सर्व वर्णांच्या. वर्णाची गोष्ट शहराने सोयीने बाजूला ठेवली आणि क्रमांक १९ची शाळा गोऱ्या मुलांसाठीच राहिली. वर्षातून एकदा मुलांनी आपल्या कबरीवर फुले वाहावीत ही त्याची दुसरी इच्छा मात्र निष्ठेने पाळली गेली. ‘मॅकडोना दिना’ला शाळाशाळांतली मुले फुले घेऊन त्याच्या पुतळ्यापाशी जमत. गोऱ्या मुलांच्या रांगा आधी सोडत, कृष्णवर्णीय मुले तोवर उन्हात ताटकळत. मे १९५४ मध्ये कृष्णवर्णीय पालक-शिक्षकांनी या सोहळ्यावर बहिष्कार घातला. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने ‘ब्राउन’ खटल्यात शाळांतील वर्णविभागणी घटनाबाह्य ठरवली.

शहराच्या शाळा-मंडळाने त्या निकालाची अंमलबजावणी सहा वर्षे अडवून धरली. अखेर १४ नोव्हेंबर १९६० रोजी लिओना टेट, गेल एटिएन आणि टेसी प्रीव्होस्ट या सहा वर्षांच्या तीन कृष्णवर्णीय मुली संघराज्याच्या मार्शलांच्या पहाऱ्यात या शाळेच्या पायऱ्या चढल्या. बाहेर गर्दी ओरडत होती. त्याच सकाळी शहरातील विल्यम फ्रान्झ शाळेत रूबी ब्रिजेस ही अशीच एक कृष्णवर्णीय मुलगी एकटीच दाखल झाली. तिची गोष्ट जगभर गेली, या तिघींची मागे पडली.

गोऱ्या पालकांनी त्याच दिवशी मुले घरी न्यायला सुरुवात केली आणि एवढी मोठी शाळा बघता बघता ओस पडली. वर्षाचा बहुतेक काळ तिथे या तिघीच शिकत होत्या. बाहेरून कोणाला दिसू नये म्हणून वर्गाच्या खिडक्यांना कागद चिकटवले होते. पाण्याचे नळ बंद होते. कोणी विष घालील या भीतीने डबा घरूनच यायचा. मैदानावर जायला बंदी होती, म्हणून मधल्या सुट्टीत खेळ व्हायचा तो जिन्याखाली. वर्णविभागणी मोडल्याची नोंद कागदोपत्री झाली खरी, पण ज्यांच्या शेजारी बसायचे ती मुलेच तिथे नव्हती. दीडेक वर्षाने तिघींना दुसऱ्या शाळेत हलवण्यात आले. तिथला छळ जवळून होता, कारण तिथे वर्गात गोरी मुले बसत होती.

१९९०च्या दशकात शाळा-मंडळाने गुलाममालकांची नावे शाळांना नकोत असे धोरण घेतले आणि या शाळेला शहराचे सुपुत्र, जॅझ वादक लुई आर्मस्ट्राँग यांचे नाव मिळाले. पुढे शाळा बंद पडली आणि ऑगस्ट २००५ च्या कतरिना वादळात इमारतीचे मोठे नुकसान झाले. २०१६ मध्ये तिचा समावेश अमेरिकेच्या ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत झाला. जून २०२० मध्ये आंदोलकांनी डंकन प्लाझातील मॅकडोनाचा अर्धपुतळा उखडून मिसिसिपी नदीत ढकलला.

ज्या इमारतीत पहिलीत असताना जिन्याखाली खेळावे लागले, ती वाचवण्यासाठी लिओना टेट यांनी आपल्या संस्थेमार्फत अनेक वर्षे खटपट केली. मे २०२२ मध्ये ती ‘टेप सेंटर’ या नावाने पुन्हा उघडली. ‘टेप’ म्हणजे टेट, एटिएन, प्रीव्होस्ट या आडनावांची आद्याक्षरे. तळमजल्यावर नागरी हक्क चळवळीचे प्रदर्शन आहे आणि वरच्या मजल्यांवर ज्येष्ठ नागरिकांसाठी परवडणारी घरे.