रोप तयार आहे, पण लावायचं कुठं?

चोपड्याच्या आमच्या नानांना बाजूने येणारी मोटरसायकल दिसत नाही. समोरचा पेपर मात्र सहज वाचतात आणि वर म्हणतात, "माले नेम्मन दिखस." त्यांना काचबिंदू आहे. परवा त्यांनी मोबाइल पुढे केला. ‘स्टेम सेलचं इंजेक्शन घ्या, गेलेली नजर परत मिळवा.’ नाना केळीवाले, प्रयोगशाळेत पेशींपासून वाढवलेली रोपं लावणारे; त्यांनी लगेच विचारलं, "टिश्यू कल्चरसारखंच ना रे हे?"

अर्धं उत्तर ‘हो’ आहे.

आधी एक घोळ निस्तरू. मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग गढूळ होतं, ते बदलता येतं. काचबिंदूत डोळ्यात सतत तयार होणाऱ्या पाण्याचा निचरा अडतो. ठिबकच्या नळीत क्षार धरावेत तशी निचऱ्याची बारीक जाळी तुंबते आणि दाब चढतो. साधारण दाब पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटरचा. काहींना मात्र तेवढ्या दाबातही काचबिंदू होतो. मार बसतो तो डोळ्याच्या मागच्या नसेवर. ‘पिकू द्या, मग काढू’ हा हिशेब इथे चालत नाही, कारण मेलेली पेशी परत उगवत नाही.

मग नवी पेशी लावली तर? २००६ साली जपानच्या शिन्या यामानाका यांनी उंदराच्या त्वचेतल्या पेशीत चार जनुकं घालून तिला पुन्हा ‘कोरी’ केलं, म्हणजे हवी ती पेशी बनू शकणारी स्टेम सेल. पुढच्याच वर्षी माणसाच्या पेशीतही ते जमलं. २०१२चं नोबेल त्याचंच. अशा कोऱ्या पेशीपासून डोळ्याच्या आतल्या पडद्यावरच्या, म्हणजे रेटिनाच्या, पेशी प्रयोगशाळेत घडवता येतात. म्हणजे नानांच्या भाषेत, रोप तयार आहे.

खरी अडचण लावणीची आहे, आणि मला हा सगळा विषय आवडतो तो त्यासाठीच. काचबिंदूत मरते ती गँग्लियन पेशी. एका डोळ्यात अशा दहा-बारा लाख. प्रत्येकीची एक लांब तार. ती पडद्यावरून सरपटत डोळ्याच्या मागच्या भोकापाशी येते, काटकोनात वळते, चाळणीसारख्या थरातून बाहेर पडते. चार-पाच सेंटिमीटरवर एक चौक लागतो. तिथे नाकाकडच्या अर्ध्या पडद्याच्या तारा पलीकडे जातात, कानाकडच्या आहे त्याच बाजूला राहतात. तिथून पुढे मेंदूत, ठरलेल्याच जागी.

हा पत्ता तारेला कोण सांगतं? १९४०च्या दशकात अमेरिकी शास्त्रज्ञ रॉजर स्पेरी यांनी बेडकाची नस कापून डोळाच १८० अंशांत फिरवला. बेडकाची नस पुन्हा वाढते. ती वाढली, दिसू लागलं, पण माशी वर असली की बेडूक खाली झेप घ्यायचा! तारा आपापल्या जुन्याच जागी जाऊन बसल्या होत्या, सरावाने काही सुधारलं नाही. स्पेरी म्हणाले, पत्ता रसायनांनी लिहिलेला असणार. १९९०च्या दशकात ती रसायनं हाती आली. त्यांतल्या एका कुळाचं नाव एफ्रिन. मेंदूच्या कुठल्या भागात ते दाट, कुठे विरळ. तारेच्या टोकावरचे त्याला ओळखणारे रेणू (रिसेप्टर) हा चढउतार चाचपत जागा धरतात.

गर्भात हे जमतं, कारण अंतर तेव्हा मिलिमीटरांत असतं आणि पाट्या ताज्या असतात. मोठ्या माणसात पाट्या पुसट झालेल्या, शिवाय नसेवरच्या मायलिनच्या वेष्टनातली नोगोसारखी प्रथिनं वाढत्या टोकाला उलट थांबवतात. केळीचं रोप खड्ड्यात लावलं की मुळं पाणी शोधतात. ही पेशी डोळ्यात नुसती पडून राहते.

म्हणूनच यश मिळालं ते जिथे तारच लागत नाही तिथे. बुबुळावरचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, त्याच्या काठाच्या मूळ पेशी (स्टेम सेल) वापरून दुरुस्त होऊ शकतो. २०१४ साली जपानमधल्या कोबेत त्वचेपासून बनवलेला पेशींचा पातळ थर डोळ्यात बसवला, तोही पडद्यामागच्या अस्तराचा. २०२० साली नवी पेशी न लावता, आहेत त्याच पेशींत यामानाकांच्या चारपैकी तीन जनुकं घातल्यावर काचबिंदू झालेल्या उंदरांची दृष्टी काही अंशी परत आली. पण ते उंदीर.

आणि इंजेक्शनवाले? फ्लोरिडात तीन बायकांनी पडद्याच्या दुसऱ्या एका आजारासाठी पोटाच्या चरबीतल्या पेशी डोळ्यांत टोचून घेतल्या आणि होती ती नजरही घालवली. २०१७ साली हे वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. आपल्याकडे आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) नियमावलीनुसार काचबिंदूवर असा प्रयोग नोंदणीकृत चाचणीतच करता येतो, पैसे घेऊन उपचार म्हणून नाही. डोळ्यात मध किंवा कांद्याचा रस घालणाऱ्यांना हसणारे आपण, ‘सेल’ शब्द ऐकला की चेकबुक काढतो. मेडिकलवरून स्वतःच आणलेले स्टिरॉइडचे थेंब दाब वाढवतात, हे मात्र कुणी फॉरवर्ड करत नाही.

नाना बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "बेडकाले जमस, माले नही?"

"नाही जमत, नाना. रात्रीचे थेंब टाकता ना?"

बाटली फ्रिजवर होती. तीन आठवड्यांपूर्वीच संपलेली.