टाइलखाली नव्हे, टाइलवर काय आहे ते बघा

टाइल निवडताना बहुतेक जण एकच चाचणी करतात: अंगठा टाइलवर दाबून घासायचा. अंगठा अडकला तर टाइल सुरक्षित, सरकला तर घसरडी. ही चाचणी नेमकी जिथे उपयोगी पडायला हवी, तिथेच फसवते. चकचकीत पॉलिश केलेली टाइल कोरडी असताना रबराच्या तळव्याला छान धरून ठेवते, कारण सपाट पृष्ठभागावर रबर जास्त जागी टेकते. खरबरीत टाइलवर ते फक्त उंचवट्यांवर टेकते, म्हणून कोरड्या अवस्थेत तिची पकड कधी कधी कमीही भरते. घरात माणसं घसरतात ती मात्र बहुतेक वेळा ओल्या टाइलवर, आणि पाणी आलं की हा सगळा हिशोब उलटतो.

पाण्यामुळे काय होतं? ‘पाणी बुळबुळीत असतं’ हे उत्तर पुरेसं नाही. टाच खाली येते तेव्हा तिच्या आणि टाइलच्या मध्ये पाण्याचा थर सापडतो. टाच प्रत्यक्ष टाइलला टेकायची तर हे पाणी कडेने बाहेर पळायला हवं, आणि त्याला वेळ लागतो. थर जितका पातळ होत जातो, तितकं उरलेलं पाणी बाहेर ढकलणं अवघड होतं, कारण दोन पृष्ठभागांमधल्या अरुंद फटीत पाण्याचा अंतर्गत विरोध, म्हणजे श्यानता, भारी पडते. अशा दाबून पिळल्या जाणाऱ्या थराचं गणित १८७४ मध्ये योझेफ स्टेफान या शास्त्रज्ञाने मांडलं. पुढे १८८६ मध्ये ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी वंगणाचा सर्वसाधारण सिद्धांत दिला. त्याला निमित्त ठरले बीचम टॉवर यांचे रेल्वेच्या बेअरिंगवरचे प्रयोग. बेअरिंगला पाडलेल्या भोकातून तेल इतक्या दाबाने वर येत होतं की त्यात ठोकलेली लाकडी खुंटी बाहेर फेकली जाई. पातळ थरातला द्रव केवढं वजन पेलू शकतो, ते तिथे उघड दिसलं. बेअरिंगमध्ये हे हवंहवंसं असतं, बाथरूममध्ये तेच हाड मोडतं.

स्टेफानचं सूत्र शब्दांत असं: थर ठरावीक जाडीपर्यंत पातळ व्हायला लागणारा वेळ श्यानतेच्या आणि टेकणाऱ्या भागाच्या त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतो, आणि दाबणाऱ्या बलाच्या व उरलेल्या जाडीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. आकडे घालून बघू. टाच म्हणजे २ सेंटिमीटर त्रिज्येची सपाट, कडक चकती समजा, तिच्यावर ३०० न्यूटन बल, आणि हातात वेळ ०.०२ सेकंद. साध्या पाण्याचा सुमारे ८ मायक्रॉन थर शिल्लक राहतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. तो थर ४ मायक्रॉनवर आणायला चौपट वेळ, म्हणजे ०.०८ सेकंद लागेल, आणि तेवढ्यात पाय सरकलेलाही असू शकतो. खरी टाच मऊ आणि गोलसर असते, म्हणून हे आकडे अंदाजापुरते घ्यायचे. पण मामला काही मायक्रॉनांचा आहे, एवढं त्यातून पक्कं कळतं.

टाइलच्या पृष्ठभागावरचे सूक्ष्म उंचवटे या थराच्या वर डोकं काढू शकले, तर ते तळव्याला भिडतात आणि घर्षण मिळतं. पॉलिश केलेल्या टाइलचे उंचवटे थराखाली बुडून जातात. ब्रिटनमध्ये वापरल्या जाणाऱ्या मार्गदर्शक आकड्यांनुसार स्वच्छ पाण्यासाठी साधारण २० मायक्रॉन खडबडीतपणा, म्हणजे उंचवटे आणि खळगे यांच्या उंचीतला फरक, लागतो, साबणाच्या पाण्यासाठी ४५ आणि तेलासाठी ७० च्या आसपास. असं का, ते वरच्या सूत्रातच आहे. खाद्यतेलाची श्यानता पाण्याच्या पन्नास-साठपट धरली, तर तेवढ्याच वेळात उरणारा थर त्याच्या वर्गमुळाने, म्हणजे सात-आठपट जाड होतो. आठाचे साठ मायक्रॉन होतात.

त्रिज्येच्या चौथ्या घातातून आणखी एक गोष्ट निघते, आणि मला ती फार आवडते. टाचेखालून टाइलचा सांधा गेला तर पाण्याला पळायला जवळची वाट मिळते. एका मोठ्या चकतीऐवजी निम्म्या त्रिज्येच्या चार चकत्यांनी तेच वजन वाटून घेतलं, तर वेळ चौथ्या हिश्श्यावर येतो. शॉवरखाली चार-पाच सेंटिमीटरच्या मोझेइक टाइल पायाला धरतात त्याचं मोठं कारण हे सांधे. शिवाय छोट्या टाइलने चारही बाजूंनी जाळीकडे उतार काढता येतो. चार फुटी टाइल अशी वळत नाही, ती कापावी लागते, नाहीतर पाणी साचतं.

मग खरेदी करताना विचारायचं काय? ‘अँटीस्किड आहे का’ असं विचारलं तर ‘आहे’ हेच उत्तर मिळणार. विचारायचा तो वर्ग. जर्मन पद्धतीच्या चाचणीत माणूस बूट घालून तेल ओतलेल्या उतारावर चालतो आणि उतार वाढवत नेतात. ६ ते १० अंशांपर्यंत टिकली ती टाइल आर-९, १९ पर्यंत आर-१०, २७ पर्यंत आर-११. अनवाणी पायांसाठी साबणाच्या पाण्यावर वेगळी चाचणी होते: ए, बी, सी वर्गांसाठी किमान १२, १८ आणि २४ अंश. अंशाचा टॅन्जंट काढला की घर्षण गुणांक, म्हणजे पकडीचं माप, मिळतो: १८ अंशांना ०.३२. सपाट जमिनीवर सावकाश चालायला साधारण ०.२ पुरतो, पण वळताना किंवा घाईत जास्त लागतो. म्हणून बाथरूमसाठी बी वर्ग मागावा. स्वयंपाकघरात तेल सांडतं, तिथे आर-१० घ्यावी. उघडी बाल्कनी, गच्ची, बाहेरच्या पायऱ्या यांना आर-११. याहून खरबरीत टाइल घरात घेऊ नये, तिच्या खळग्यांत मळ बसतो आणि पुसताना जीव जातो.

‘नॅनो’ हा शब्द दिसला की तो घसरण्याशी जोडू नका. पॉलिश करताना टाइलमधली बंद छिद्रं उघडी पडतात आणि त्यांत डाग शिरतात. नॅनो लेप ती छिद्रं बुजवतो. पकडीचं काम तो करत नाही. आणि अमुक दिशेला अमुक रंगाची फरशी लावली की घरातली ऊर्जा सुधारते, या समजुतीला काहीच आधार नाही. वडीलधारी माणसं पडू नयेत म्हणून खर्च करायचा तर तो रंगावर नव्हे, वर्गावर करा.

बैठकीची खोली कोरडी असते, तिथे प्रश्न झिजण्याचा. बाहेरून येणाऱ्या धुळीत क्वार्ट्झचे कण असतात, त्यांची कठिणता मोहस मापावर ७. टाइलवरच्या काचेसारख्या लेपाची, म्हणजे ग्लेझची, बहुधा ५ ते ६. त्यामुळे चपलेखालची वाळू ग्लेझ ओरखडते आणि आधी तिची चकाकी जाते. ग्लेझ असलेली टाइल घेत असाल तर पीईआय (ग्लेझ किती झीज सोसते ते सांगणारा) वर्ग ४ बघा, आणि दारात पायपुसणं ठेवा. भिंतीची टाइल जमिनीवर लावू नये. तिच्या वजनाच्या १० टक्क्यांहून जास्त पाणी ती शोषू शकते आणि ती कमजोरही असते. व्हिट्रिफाइड टाइलसाठी हाच आकडा ०.५ टक्के किंवा त्याहून कमी असतो.

झोपायच्या खोलीत टाइल पायाला गार लागते, ती खोलीइतक्याच तापमानाची असली तरी. ३० अंशांचा तळवा २० अंशांच्या टाइलवर ठेवला तर स्पर्शाच्या जागी साधारण २४-२५ अंश होतात, लाकडावर २७-२८. टाइल पायातली उष्णता जास्त वेगाने ओढून घेते. मॅट असो वा ग्लॉसी, यात फारसा फरक नाही, त्यामुळे गारवा नको असेल तर पलंगाशेजारी सतरंजी अंथरा, मात्र तिच्याखाली न सरकणारी पातळ रबरी चटई घाला.

बसवल्यानंतर एक गोष्ट राहते. फरशी पुसायचं द्रव्य जास्त ओतलं आणि नंतर साध्या पाण्याने पुसलं नाही, तर त्याचा पातळ थर वाळून उंचवट्यांमधल्या खळग्यांत बसतो. मग ओल्या टाइलची पकड हळूहळू कमी होऊ लागते. बाटलीवर लिहिलंय तेवढंच द्रव्य घ्या, आणि शेवटचा हात साध्या पाण्याचा मारा.