जितकं आत जाल, तितकी वाळू जुनी

शिकागोहून साउथ शोअर मार्गाची रेल्वे पकडली की गॅरीचे पोलाद कारखाने मागे पडतात आणि सुमारे ७५ किलोमीटरवर ‘ड्यून पार्क’ स्टेशन येतं. जवळच मिशिगन सरोवराचा दक्षिण काठ, आणि काठाला लागून वाळूच्या टेकड्यांची रांग. इंडियाना ड्यून्स. २०१९पासून हे राष्ट्रीय उद्यान आहे.

सरोवर उत्तर-दक्षिण जवळजवळ ५०० किलोमीटर लांब. उत्तरेचा वारा इतक्या लांबून लाटा रेटत आणतो आणि हिमनद्यांनी मागे टाकलेली वाळू या टोकाला लोटली जाते. काठावर सुकलेली वाळू वारा उचलतो, गवताला अडून ती खाली बसते, आणि टेकडी वाढू लागते. सर्वांत उंच माउंट टॉम, सरोवराच्या पातळीपासून सुमारे ५८ मीटर.

गेल्या सुमारे १४,००० वर्षांत सरोवर टप्प्याटप्प्याने मागे हटलं आणि जुन्या काठांवरच्या टेकड्या आत राहिल्या. म्हणजे पाण्याकडे पाठ करून चालू लागलात की तुम्ही भूतकाळात शिरता! शिकागो विद्यापीठातल्या हेन्री काउल्स यांनी हे ओळखलं. जंगल घडायला शतकं लागतात, एका आयुष्यात ते बघता येत नाही. पण इथे त्याच्या साऱ्या अवस्था शेजारी शेजारी उभ्या आहेत. १८९९मध्ये त्यांनी हे मांडलं आणि एका वनस्पतीसमूहाची जागा दुसरा कसा घेतो, या अभ्यासाचा पाया घातला गेला.

वेस्ट बीचची पायवाट म्हणजे त्यांचं संशोधन पायाखाली घेणं. अडीचशेहून जास्त पायऱ्या आहेत, दम लागतो, पण चुकवू नये अशी वाट. सुरुवातीला फक्त मॅराम गवत. वाळूत गाडलं गेलं की मरण्याऐवजी हे गवत आणखी वर वाढतं, आणि त्याच्या आडव्या खोडांचं जाळं वाळू बांधून ठेवतं. कोकणच्या पुळणीवर मर्यादवेल हेच काम करते. मग कॉटनवुडची झाडं. खोड बुजलं तर ती खोडालाच नवी मुळं फोडतात. पानं कुजून वाळूत थोडी माती आली की जॅक पाइन, आणि खूप आत काळा ओक. वाटेत आपल्या फड्या निवडुंगाचा एक बुटका भाऊबंद दिसतो, आणि आर्क्टिक प्रदेशात वाढणारी बेअरबेरीही. उष्ण, कोरड्या प्रदेशाची ओळख असलेलं झाड आणि ध्रुवाकडचं झुडूप एकाच उद्यानात! ११००हून अधिक देशी वनस्पतींची नोंद इथे आहे.

या सगळ्याचा भार त्या गवतावर आहे, आणि ते पायांनी मरतं. वाट सोडून पुन्हा पुन्हा चाललं की मुळं तुटतात, उघडी वाळू वाऱ्याला सापडते. माउंट बाल्डी या ३८ मीटर उंच टेकडीवर नेमकं हेच झालं. शिवाय मिशिगन सिटीच्या बंदराच्या बांधकामामुळे तिच्याकडे वाहत येणारी नवी वाळूही अडली. आता ही टेकडी वर्षाला साधारण सव्वा मीटर आत सरकते आणि मागचं ओकचं रान गिळते. गाडलेलं झाड आत कुजतं, त्याच्या जागी उभी पोकळी राहते, वरून काहीच दिसत नाही. जुलै २०१३मध्ये ६ वर्षांचा एक मुलगा अशा पोकळीत पडला. तीन तासांहून अधिक काळ वाळूखाली राहून तो जिवंत निघाला, हे केवढं भाग्य! त्यानंतर टेकडी लोकांसाठी बंद झाली, आणि पुढे माथ्यावर जायचं तर रेंजरसोबतच, असा नियम आला.

जवळच हूझियर स्लाइड नावाची याहून कितीतरी मोठी टेकडी होती. काचेच्या बरण्या बनवायला तिची वाळू वॅगन भरभरून नेली गेली आणि १९२०च्या सुमारास ती संपली. माउंट बाल्डीच्या मागच्या उतारावर मात्र आजही ओक उभे आहेत, अर्धं खोड वाळूत, वरच्या फांद्यांना पानं.