घुमक्याचा आवाज आणि काळा पाषाण

आमच्या कोल्हापूर भागात बोअर मारणाऱ्या माणसाला जमिनीचं पोट चांगलं ठाऊक असतं. आधी मुरूम, मग काळा पाषाण, मध्येच भोकाभोकांचा मांजऱ्या, कधी गेरूचा तांबडा पट्टा, की पुन्हा काळा पाषाण. हा काळा पाषाण म्हणजे बसाल्ट, थिजलेला लाव्हा. तो एकसंध नाही, थराथरांचा आहे. समुद्राखालच्या तेलशोधात हेच थर आडवे येतात.

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी हा लाव्हा वाहिला तो किनाऱ्याशी थांबला नाही. कच्छ-सौराष्ट्रापासून कोकण-केरळपर्यंत समुद्रतळाखालीही बसाल्ट आहे. १९७४ मध्ये मुंबई हायला तेल लागलं ते त्याच्या वरच्या चुनखडीत. पण लाव्ह्याच्या आधीही समुद्रात गाळ साचत होता. कच्छच्या जमिनीवर ते जुने खडक उघडे दिसतात, त्यांत अमोनाइट या शंखवाल्या समुद्री प्राण्याचे जीवाश्म सापडतात. हेच खडक समुद्रात लाव्ह्याखाली गेले असतील तर त्यांच्यात तेल-वायू असू शकतो.

शोधायचं कसं? जहाज एअरगनमधून दाबलेली हवा सोडून पाण्यात आवाज करतं आणि मागं ओढलेल्या लांबलचक केबलमधले हायड्रोफोन, म्हणजे पाण्यातले माइक, प्रतिध्वनी टिपतात. गाळाच्या खडकात आवाज सेकंदाला दोन-तीन किलोमीटर धावतो, बसाल्टमध्ये पाच-सहा. वेग असा एकदम बदलला की प्रतिध्वनी जोरात उठतो. तो समुद्राचा पृष्ठभाग आणि लाव्हा यांच्यात पुन्हापुन्हा आपटत राहतो, उशिरा पोचतो आणि खोलवरच्या थराचं सोंग घेतो. खरा, क्षीण प्रतिध्वनी त्याखाली दबतो. माझ्या मते खरी अडचण मात्र त्याच्याही पुढची आहे. पाषाण, मांजऱ्या, गेरू, पुन्हा पाषाण, अशा दर सांध्यावर थोडा आवाज परततो, थोडा विखुरतो. खाली जाईपर्यंत उरतं काय?

उरतो तो खर्जातला आवाज. तालमीसमोर हलगी-घुमकं वाजत असताना जाड भिंतींच्या जुन्या घरात बसून बघा. हलगीची कडकड भिंतीत जिरते, घुमकं आतपर्यंत येतं. बसाल्टमध्ये ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० कंपनांची, लाट साधारण १०० मीटर लांब असते, १० हर्ट्झची ५०० मीटर. वीस-तीस मीटरच्या थरांना ही लांब लाट जुमानत नाही. म्हणून अशा सर्वेक्षणात मोठ्या एअरगन वापरतात आणि त्या केबलसकट नेहमीपेक्षा खोल ठेवतात, कारण पृष्ठभागाजवळ उलटून येणारी लाट खर्जाचा आवाजच मारून टाकते. चित्र ढोबळ येतं, बारीक थर दिसत नाहीत. पण आंधळेपणापेक्षा ढोबळ चित्र कितीतरी बरं.

जोडीला विजेची मदत घेतात. बसाल्ट वीज सहज वाहू देत नाही, खारं पाणी मुरलेला गाळाचा खडक देतो. त्या फरकावरून लाव्ह्याच्या तळाचा अंदाज बांधता येतो. स्कॉटलंडच्या शेटलंड बेटांच्या पश्चिमेला समुद्रात रोझबँक इथं २००४ मध्ये तेल सापडलं, तेही लाव्ह्याच्या दोन थरांमधल्या वाळूखडकात! तेव्हा तळच नव्हे, सांधेही बघावे लागतात.

मग आपल्या डोंगरांखाली तेल असेल का, असं इथं हमखास विचारतात. १९६७ च्या भूकंपानंतर पुष्कळ वर्षांनी कोयना भागात खोल बोअर घेतले. एका बोअरमध्ये ९३३ मीटरवर पाषाण संपला आणि थेट ग्रॅनाइटसारखा जुनाट खडक लागला. मध्ये गाळाचा थर नव्हताच.