पुढच्या चाकांचे सांधे आणि त्यांचे रबरी बूट

नाशिकच्या पंचवटीतल्या एखाद्या अरुंद गल्लीत गाडी वळवण्यासाठी स्टिअरिंग पूर्ण फिरवले की पुढच्या चाकापाशी ‘कट-कट-कट’ असा ठेक्यातला आवाज येतो आणि सरळ रस्त्याला लागताच तो बंद होतो, ही तक्रार जुन्या छोट्या मोटारींच्या बाबतीत नेहमीचीच आहे. गॅरेजमध्ये ‘एक्सल वाजतोय’ असे निदान लगेच होते. प्रत्यक्षात एक्सलचा दांडा धड असतो. वाजत असतो तो त्याच्या टोकाचा सीव्ही (कॉन्स्टंट व्हेलॉसिटी) जॉइंट, म्हणजे वळलेल्या स्थितीतही दोन्हीकडची गती समान ठेवणारा सांधा.

ज्या मोटारींत इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना मिळते, त्यांत गिअरबॉक्समधून डावीकडे आणि उजवीकडे एकेक एक्सल निघतो आणि प्रत्येकाला दोन, म्हणजे एकूण चार सांधे असतात. पुढच्या चाकाला एकाच वेळी फिरायचे असते, खड्ड्यांत वर-खाली व्हायचे असते आणि वळायचेही असते. ट्रक-जीपच्या मागच्या चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टमधला ‘क्रॉस’, म्हणजे अधिक चिन्हाच्या आकाराचा सांधा, येथे का चालत नाही, याचे उत्तर भूमितीत आहे. क्रॉसने जोडलेले दोन दांडे 30 अंशांच्या कोनात असतील आणि पहिला मिनिटाला 100 फेऱ्यांच्या एकसारख्या गतीने फिरत असेल, तर दुसऱ्याची गती दर फेरीत दोनदा 115 पर्यंत चढते आणि दोनदा 87 पर्यंत उतरते. शाफ्टच्या दोन्ही टोकांना क्रॉस बसवले, तर एकाची चूक दुसरा भरून काढतो. मात्र त्यासाठी दोन्हीकडचे कोन सारखे असावे लागतात, आणि स्टिअरिंगबरोबर सतत बदलणाऱ्या चाकाच्या कोनाला ही अट पाळता येत नाही. तसा एक्सल बसवला तर प्रत्येक वळणावर चाक हिसके देईल.

यावरचा सर्वांत यशस्वी तोडगा फोर्ड कंपनीतील अभियंता अल्फ्रेड रझेपा यांनी 1926 मध्ये शोधला. त्यांच्या सांध्यात बाहेर एक वाटी, आत एक गोलसर गाभा, दोहोंवर कोरलेले वक्र चर आणि त्या चरांत बसणारे सहा पोलादी छर्रे असतात. एक पिंजरा या छर्ऱ्यांना अशा प्रतलात धरून ठेवतो, की ते प्रतल दोन दांड्यांमधल्या कोनाचे बरोबर दोन सारखे भाग करते. त्यामुळे प्रत्येक छर्रा दोन्ही दांड्यांच्या आसांपासून सारख्याच अंतरावर राहतो आणि चाक कितीही वळले तरी दोन्हीकडची गती समान राहते. 1959 च्या ब्रिटिश ‘मिनी’ने हा सांधा छोट्या मोटारींत रुळवला, आणि आपल्याकडे डिसेंबर 1983 मध्ये आलेल्या मारुती 800 बरोबर अशी पुढच्या चाकांवर चालणारी मोटार घरोघरी पोहोचली. गिअरबॉक्सकडचा आतला सांधा बहुतेकदा तीन रोलरचा असतो. त्याला फार वळावे लागत नाही. सस्पेन्शन हलले की एक्सलची जी लांबी कमी-जास्त लागते, ती तो आत-बाहेर सरकून भरून काढतो.

हा सांधा मुळात विलक्षण टिकाऊ आहे, आणि माझ्या मते त्याचे आयुष्य त्याच्या पोलादावर ठरत नाही, त्यावरच्या रबरी बुटावर ठरते. हार्मोनियमच्या भात्यासारख्या घड्यांचा हा बूट आतले मॉलिब्डेनम डायसल्फाइडयुक्त ग्रीस धरून ठेवतो. छोट्या मोटारीचे चाक एका किलोमीटरमध्ये पाचशेहून अधिक फेऱ्या घेते आणि प्रत्येक फेरीत प्रत्येक घडी एकदा दबते, एकदा ताणली जाते. रबर जुने झाले की घडीच्या तळाशी केसासारखी चीर पडते, फिरण्याच्या जोराने ग्रीस बाहेर फेकले जाते आणि त्याची जागा धूळ व पाणी घेतात. उरलेले ग्रीस आणि ही कच यांचा मग घासण्याचा लेपच तयार होतो. निफाड-दिंडोरीकडच्या मळ्यांच्या वाटांवर पावसाळ्यात काळी माती बुटाच्या घड्यांत भरून वाळते आणि द्राक्षबागेच्या छाटणीनंतर वाटेवर पडलेल्या काड्या खालून टोचतात. तिकडे नेहमी जाणाऱ्यांनी बुटांकडे अधिक लक्ष द्यावे.

तपासणी सोपी आहे. गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक लावावा, स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण फिरवावे, इंजिन बंद करावे आणि टॉर्च घेऊन चाकामागे पाहावे. घड्या बोटांनी किंचित फाकवल्या की चीर दिसते. रिमच्या आतल्या बाजूला काळ्या ग्रीसचे फराटे असतील, तर बूट फाटला आहे किंवा त्याला आवळून धरणारी पट्टी सैल झाली आहे. बाहेरच्या सांध्याला जास्त वळावे लागते, म्हणून त्याचा बूट सहसा आधी जातो. चीर दिसली आणि आवाज अजून नसेल, तर सांधा उघडून, स्वच्छ धुऊन, पूर्ण कोरडा करून नवे ग्रीस, नवा बूट आणि नव्या पट्ट्या बसवल्याने काम भागते. आवाज सुरू झाल्यावर मात्र चरांत खड्डे पडलेले असतात आणि ग्रीस कितीही भरले तरी ते बुजत नाहीत. मग सांधा किंवा सबंध एक्सल बदलावाच लागतो.

वळणावरची कट-कट बाहेरच्या सांध्याची असते. सरळ रस्त्यावर ॲक्सिलरेटर दाबताच गाडी थरथरली, तर आतल्या सांध्यावर संशय घ्यावा. वेगाबरोबर वाढणारी एकसुरी घरघर बहुधा चाकाच्या बेअरिंगची असते. ‘डावीकडे वळताना वाजले तर उजवा सांधा गेला’ या ठोकताळ्यावर मात्र विसंबू नये, कारण वळणाच्या आतल्या बाजूचे चाक अधिक कोनात वळलेले असते आणि आवाज तेथूनही येऊ शकतो.

काम करून घेताना ग्रीस सांध्यासाठीचेच, पाकिटातले सगळे वापरले जात आहे ना, हे पाहावे. एक्सल चाकाच्या हबमध्ये आवळून धरणारा हब नट नवा घालावा आणि तो कंपनीने ठरवलेल्या मापाने टॉर्क पान्यानेच आवळावा, कारण बऱ्याच गाड्यांत बेअरिंगचा ताण त्यावरच अवलंबून असतो. नंतर घोटीपर्यंत एक फेरी मारून रिमची आतली बाजू पुन्हा पाहावी. ताजा फराटा दिसला तर पट्टी नीट आवळलेली नाही आणि गाडी त्याच दिवशी परत न्यावी.